स्वाक्षरी नेत्यांची, संमती कोणाची?

(एका कार्यकर्ता अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय युरोपच्या एकीकरणाचा आहे. ‘त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु राष्ट्राचे अधिकार राष्ट्राबाहेरच्या संस्थेकडे सोपवायचे झाल्यास ते कोणी, कोणाला विचारून सोपवायचे, हा प्रश्न युरोपने गेली सत्तर वर्षे जगून पाहिला आहे. त्याची उत्तरे बऱ्याचदा चुकलीही आहेत. दुसऱ्याच्या ठेचेने शहाणे होण्याची संधी आपण का दवडावी?

प्रथम न्याय्य तेवढे बोलले पाहिजे. एकाच पिढीने दोन महायुद्धे पाहिली. राखेतून उठताना फ्रान्स आणि जर्मनी यांनी पुन्हा शस्त्र उचलू नये, या तळमळीतून १९५१ साली कोळसा व पोलादाचा संयुक्त करार झाला. २५ मार्च १९५७ रोजी रोममध्ये सहा राष्ट्रांनी आर्थिक समुदायाची स्थापना केली. हेतू उदात्त होता आणि तो पुष्कळसा सफलही झाला. युरोपच्या जनतेला उत्तरोत्तर अधिक जवळ आणण्याचा संकल्प त्या कराराच्या प्रस्तावनेतच लिहिलेला आहे. म्हणजे एकीकरणवाद्यांनी काही लपवले नाही. लपवाछपवी झाली ती राष्ट्राराष्ट्रांच्या राजधान्यांत. ‘ही केवळ व्यापाराची सोय आहे,’ असे नेत्यांनी आपापल्या जनतेला सांगितले.

ब्रिटनचेच पाहा. १ जानेवारी १९७३ रोजी हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी देशाला या समुदायात नेले. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. मतपत्रिकेवर समुदायाच्या नावापुढे कंसात ‘सामायिक बाजारपेठ’ असे छापले होते. मतदाराने बाजारपेठेला होकार दिला, आणि पुढे त्याच होकारातून न्यायालय, कायदा आणि धोरण निघत गेले. नॉर्वेच्या नेत्यांनीही प्रवेशाचा करार केला होता. परंतु १९७२ साली तेथील ५३.५ टक्के मतदारांनी तो नाकारला. आपल्या किनाऱ्यावरची मासेमारी परक्यांच्या हाती जाईल, हे त्यांच्या नकाराचे एक मोठे कारण होते.

पोलादी स्त्रीचीही स्वाक्षरी

मार्गारेट थॅचर यांना आपण कणखरपणाचे प्रतीक मानतो. २० सप्टेंबर १९८८ रोजी ब्रुज येथे त्यांनी बजावले की, ब्रिटनमध्ये सरकारची मर्यादा आखून दिली ती ब्रसेल्समधून नवे महासरकार लादून घेण्यासाठी नव्हे. एकीकरणाविरोधकांना हे भाषण आजही जाहीरनाम्यासारखे वाटते. पण त्याच थॅचरबाईंच्या सरकारने १९८६ साली ‘एकल युरोपीय कायद्या’वर स्वाक्षरी केली होती. त्याने बाजारपेठेच्या अनेक विषयांत एकमताची अट जाऊन भारित बहुमत आले, म्हणजेच त्या विषयांपुरता राष्ट्राचा नकाराधिकार गेला.

त्याचा अर्थ काय, याचा एक नमुना १९९० साली दिसला. स्पॅनिश मालकीची जहाजे ब्रिटनमध्ये नोंदणी करून ब्रिटनच्या वाट्याचे मासे पकडत होती. ते रोखण्यासाठी संसदेने १९८८ मध्ये कायदा केला. युरोपीय न्यायालयाच्या निर्णयानंतर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने आपल्याच संसदेच्या त्या कायद्याची अंमलबजावणी थांबवली! संसद सर्वश्रेष्ठ, हे ब्रिटिश राज्यव्यवस्थेचे पहिले सूत्र. ते मासळीच्या जाळ्यात अडकले.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला थॅचर यांनी कॉमन्स सभागृहात ‘नाही, नाही, नाही’ असा त्रिवार नकार गर्जून दिला. दोनच दिवसांत त्यांचे ज्येष्ठ सहकारी जेफ्री हाऊ यांनी राजीनामा दिला आणि महिना संपण्याच्या आत थॅचर यांना पंतप्रधानपद सोडावे लागले.

‘नाही’ म्हणालात? पुन्हा विचार करा!

७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्ट्रिख्ट करार झाला. त्यातून युरोपीय महासंघ आणि सामायिक चलनाची योजना आली. २ जून १९९२ रोजी डेन्मार्कच्या जनतेने तो ५०.७ टक्के मतांनी नाकारला. काही सवलती देऊन पुढच्या वर्षी पुन्हा मतदान झाले आणि होकार आला. आयर्लंडने २००१ साली नीस करार नाकारला, २००२ मध्ये पुन्हा मतदान झाले. २००८ साली लिस्बन करार नाकारला, २००९ मध्ये पुन्हा मतदान. ये रे माझ्या मागल्या! उत्तर ‘हो’ आले की प्रश्न कायमचा मिटतो. ‘नाही’ आले तर मात्र प्रश्न जनतेला समजला नाही, असा निष्कर्ष निघतो.

याहून गंभीर प्रकार २००५ साली घडला. युरोपीय राज्यघटनेचा मसुदा फ्रान्सने सुमारे ५५ टक्के आणि नेदरलँड्सने सुमारे ६१ टक्के मतांनी फेटाळला. ही दोन्ही संस्थापक राष्ट्रे. मग त्यातील बहुतेक तरतुदी जुन्या करारांतील दुरुस्त्यांच्या रूपाने १३ डिसेंबर २००७ च्या लिस्बन करारात आल्या, आणि या दोन्ही देशांत तो संसदेतून मंजूर करून घेतला गेला. ब्रिटनच्या मजूर पक्षाने राज्यघटनेवर सार्वमत घेण्याचे आश्वासन २००५ च्या निवडणुकीत दिले होते. ‘ही राज्यघटना नव्हे’ असे म्हणून ते गुंडाळण्यात आले. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन लिस्बनच्या समारंभाला वेळेवर पोहोचले नाहीत. सारे नेते सही करून गेल्यावर त्यांनी एकट्यानेच स्वाक्षरी केली. विरोधी नेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी लिस्बनवर सार्वमताची हमी दिली होती. २००९ च्या नोव्हेंबरात, करार सर्वत्र मंजूर झाल्यावर, तीही मागे पडली.

५ जुलै २०१५ रोजी ग्रीसच्या ६१ टक्के मतदारांनी ऋणकोंवर धनकोंनी घातलेल्या अटी नाकारल्या. ‘नाही’ म्हणा, असे आवाहन पंतप्रधान त्सिप्रास यांनी स्वतः केले होते. आठ दिवसांत त्यांनीच तशाच कठोर अटी मान्य केल्या.

नेते का नमतात?

सारेच नेते विकले गेलेले असतात, असे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही. ग्रीसच्या बँका बंद होत्या, तिजोरी रिकामी होती. इतर ठिकाणी कारखानदारांना मोठी बाजारपेठ हवी असते, शेतकऱ्याला अनुदान हवे असते. परिषदेत रात्र सरत जाते, सारे राजी असतात आणि एकटा नकार देणारा आडमुठा ठरतो. नमते घ्यावे लागणे हा राजकारणातील अपराध नव्हे. नमते घेऊन घरी विजयाचा गुलाल उधळणे, हा अपराध आहे. जे झेपले नाही त्याचे खापर ब्रसेल्सवर आणि जे मिळाले त्याचे श्रेय स्वतःकडे, ही रीत पडली की जनतेचा विश्वास दोघांवरूनही उडतो.

याच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे. राज्य ही यंत्रणा आहे, राष्ट्र हे आपलेपण आहे. आपल्या देशातील निवडणुकीत मी हरलो तरी निकाल मान्य करतो, कारण जिंकणाराही माझाच असतो. युरोपकडे संसद आहे, न्यायालय आहे, ध्वज आहे, चलन आहे. परंतु ब्रसेल्समध्ये अल्पमतात गेलेल्या डॅनिश शेतकऱ्याला तेथील बहुमत आपले वाटते का? ‘आपण’ हा शब्द कराराने घडत नाही. तो शतकांच्या सहवासाने, सामायिक स्मृतीने आणि संस्काराने घडतो.

साचलेल्या चिडीचा स्फोट

ही चीड ब्रिटनमध्ये दोन पिढ्या साचत गेली. २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तेथे महासंघातून बाहेर पडण्याची मागणी करणारा पक्षच पहिला आला. २३ जून २०१६ रोजी ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. प्रत्यक्षात ब्रिटन बाहेर पडला तो ३१ जानेवारी २०२० ला. तोवर दोन पंतप्रधान गेले होते, समाज दुभंगला होता. टप्प्याटप्प्याने प्रामाणिकपणे विचारले असते, तर कदाचित इतके टोक गाठले गेले नसते. आणि मासळी? १९ मे २०२५ च्या समझोत्यात ब्रिटनने युरोपीय जहाजांना आपल्या समुद्रात २०३८ पर्यंत प्रवेश कायम ठेवला. ज्यांनी हा किनारा परत मिळावा म्हणून मत दिले, त्या कोळ्यांना पुन्हा तोच अनुभव आला.

डेन्मार्कची पुढची कथा मात्र वेगळी आहे. १९९२ च्या नकारामुळे त्याला चार विषयांत सूट मिळाली. २००० साली जनतेने युरो चलन पुन्हा नाकारले, आजही तेथे क्रोनच चालतो. २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, संरक्षणविषयक सूट सोडावी का असे सरकारने विचारले आणि सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी होकार दिला. अधिकार सोडला, पण विचारून सोडला. तेथे कोणाला फसवले गेल्याची भावना नाही.

आपण यातून काय घ्यायचे? आपल्या राज्यघटनेत आंतरराष्ट्रीय कराराला संसदेची पूर्वमान्यता बंधनकारक करणारी तरतूद नाही. १९९४ साली माराकेश येथे जागतिक व्यापार कराराला आपण मान्यता दिली. डंकेल प्रस्तावांवर गावोगावी सभा घेतलेले कार्यकर्ते या सभागृहातही असतील. त्या स्वाक्षरीचे बंधन म्हणून आपला पेटंट कायदा २००५ पर्यंत तीनदा बदलला. उलट ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये प्रादेशिक व्यापार कराराला भारताने नकार दिला, तेव्हा आकाश कोसळले नाही. नकार देता येतो, हे त्या दिवशी दिसले. पण सरकार कोणाचेही असो, करार होण्यापूर्वी त्याची चर्चा संसदेत आणि समाजात व्हावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे. आपल्या विचारांचे सरकार असताना तर तो अधिक धरला पाहिजे. त्यासाठी करारांचे मसुदे वाचणारे, शेतकऱ्याला आणि उद्योजकाला ते समजावून सांगणारे अभ्यासू कार्यकर्ते गावोगाव हवेत. स्वाक्षरी एका हाताची असते. तिचे ओझे मात्र पिढ्यांना वाहावे लागते.