दुकानाची मांडणी आणि घरचा हिशेब
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपले पेठ वडगाव हे बाजाराचे गाव. दुकान आले की मांडणी आलीच. कारण माल कितीही उत्तम असला तरी तो गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडला पाहिजे. काचेची कपाटे, फळ्यांचे घोडे, दागिन्यांचे मखमली स्टँड, नावाच्या पाट्या या वस्तू दुकानदारांस पुरविणे हा आपल्यासारख्या सुतारकाम जाणणाऱ्या समाजास साजेसा घरगुती उद्योग होय.

आपल्याच तालुक्यात हुपरीचे चांदीकाम आहे आणि जवळच कोल्हापुरात चपलांची बाजारपेठ आहे. पैंजण मांडावयास आडवी दांडी लागते, चपलेस उतरती फळी. हे माप दुकानात उभे राहूनच घ्यावे लागते. दूरच्या कारखान्यातून एकाच मापाचे सामान येते. आपले वैशिष्ट्य मापाबरहुकूम कामात आहे. आरंभी एकच नमुना करावा. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर आधी सर्व काप आखून घ्यावेत, मगच करवत लावावी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांनी लगेच स्वीकारला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी समज होता. तात्पर्य, धंद्यास धीर लागतो. आणि धीर धरावयास गाठीस पैसा लागतो.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. माझ्या धाकट्या बंधूने हाच धंदा आरंभिला होता. हात कसबी, कामे भरपूर. परंतु निम्मे काम उधारीवर, तेही बहुतांशी आपल्याच आप्तेष्टांकडे. तो वसुलीस निघाला की मीच म्हणे, “आपलीच माणसे आहेत, तगादा बरा दिसत नाही.” मी शाळेत मुलांना व्याजाची उदाहरणे घालीत होतो, आणि घरात बंधू व्याजाने पैसे काढून लाकूड आणीत होता! तिसऱ्या वर्षी धंदा बंद पडला. “आज रोख, उद्या उधार” अशा कित्येक पाट्या त्याने इतरांस करून दिल्या. स्वतःच्या दारी मात्र एकही लावली नाही. दोष त्याचा नव्हे, माझा.

म्हणून तरुणांस सांगणे असे की, घरखर्चाची व धंद्याची वही निराळी ठेवा. लाकूड-काचेपुरती रक्कम आगाऊ घ्या. उरलेल्या रकमेची मुदत लिहून घ्या. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उत्पादकास लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत व करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळावयास हवेत; पुढे व्याज लागू होते. ‘उद्यम’ नोंदणीस शुल्क पडत नाही.

आणि वडीलधाऱ्यांस विनंती ही की, ज्ञातीतील मुलाकडून काम करून घेतले तर भिडेने सवलत मागू नका, वेळेवर पैसे द्या. आपण येथे गुणवंतांस बक्षिसे देतो, हे योग्यच. परंतु कष्टाचे दाम ठरल्या दिवशी चुकते करणे हे त्याहून मोठे उत्तेजन आहे.