आधी चिप तपासा, मग चार्जशीट द्या!
(शाखा सभेतील भाषण)



नवे इंटरलॉकिंग चालू करण्याआधी आपले सिग्नलवाले दोन गोष्टी पाहतात: हवा तो सिग्नल पडतो का, आणि नको तो पडत नाही ना. संगणकाच्या चिपचा आराखडाही असाच तपासायला हवा.

जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' दोष जाहीर झाला. इंटेलच्या बहुतेक चिप वेगासाठी परवानगी तपासून होण्याआधीच पुढचे काम करून ठेवत. परवानगी नाकारली तरी खूण मागे राही. तिच्यावरून पासवर्डही वाचता येई. घडलेली चिप बदलता येईना. प्रोग्रॅममध्ये ठिगळे लावावी लागली, काही कामे मंदावली.

म्हणून काउंटरवरचा पासवर्ड फुटला, तर कारकुनाला चार्जशीट देण्याआधी यंत्राचीही चौकशी करा, ही आपली मागणी आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!