साथ, नोंद आणि वारी
(शताब्दी सोहळ्यात पुणे मुक्कामी झालेले भाषण)



दरसाल ज्ञानोबामाउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबारायांची नाना पेठेत उतरते. या पुण्यानं प्लेग भोगला आहे. आपली दिंडी निघाली तेव्हा ती आठवण जुनी झाली नव्हती.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात शिरला. रोगी कुठे आहे हे कळल्याशिवाय साथ आवरत नाही, हे खरंच. पण १८९७ मध्ये रँडसाहेबाच्या अंमलाखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसले. माजघर म्हणाले नाहीत, देवघर म्हणाले नाहीत. रोगी इस्पितळात, घरची माणसं छावणीत. मग लोकांनी काय करावं? आजारी माणूस लपवला. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला सांगायचं ते एवढंच, की धाकानं रोगी सापडत नाही, दडतो.

त्याच साली सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंतराव हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होते. माई स्वतः रोगी आणायच्या. १० मार्चला प्लेगनंच त्या गेल्या. शोध त्यांनीही घेतला, पण मायेनं.

पुढं विसाव्या शतकात लोक स्वतःच खूण ओळखू लागले. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड उचलायचं आणि गावाबाहेर झोपडी बांधून राहायचं. उंदरावरची पिसू माणसाला चावते आणि रोग देते, हे १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनानं पक्कं केलं. म्हणजे मेलेला उंदीर हीच पहिली वर्दी. ज्यानं ती वेळेवर सांगितली, त्यानं आळी वाचवली.

२०२० साली कोरोनामुळं पायी वारी थांबली, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. जिवाला लागलं, पण आपण ऐकलं.

म्हणून माउली, वाटेत कुणाला ताप आला, जुलाब लागले, तर ‘वारी चुकेल’ म्हणून झाकू नका. विणेकऱ्यांना सांगा, दवाखान्याच्या गाडीवर नाव लिहवा. एकाचं दुखणं कळलं तर पंगतीतली सगळी वाचतात. आणि सांगणाऱ्याला कुणी दूर लोटू नका. त्याचं सामान आपण वाहू, त्याच्या वाट्याची वारी आपण चालू.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!