हत्तीला लोळवणारा सिंह

शाळेची सहल ठरली तेव्हा एका माडिया मुलाने विचारलं, "सर, किल्ले पुण्याकडेच असतात ना?" चूक त्याची नव्हती. आम्ही तेवढंच शिकवलं होतं.

एटापल्लीहून पहाटे निघालो. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी करत बल्लारपूर. वर्धेकाठचा हा किल्ला म्हणजे गोंड राजांची चंद्रपूरच्या आधीची राजधानी. तिथून चंद्रपूर. परकोटाची गोष्ट मुलांना भारीच आवडली. खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्यामागे म्हणे ससाच लागला, आणि तो धावला त्या वाटेवर भिंत उठली! दरवाजावर हत्तीला लोळवणारा सिंह कोरलाय, गोंड राजांचं चिन्ह. 1751 मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, सिंह तिथंच राहिला.

तुरुंगापाशी मात्र सगळे गप्प झाले. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी 21 ऑक्टोबर 1858 रोजी इथं फाशी दिली. मोलमपल्ली आमच्या अहेरीकडची.

"सर, ते गोंडी बोलायचे?" त्याच मुलाने विचारलं.

"बोलत असणारच."

परतताना गाडीत बाकीचे झोपले. तो वहीत सिंह काढत होता. रस्त्यातल्या खड्ड्यांनी हत्तीची सोंड तेवढी वाकडी झाली.