शरदातल्या रात्री आकाशात काय पाहाल?

पाऊस परतला, हवा धुऊन निघाली. आता ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री नऊ-साडेनऊला गच्चीवर जा आणि मान वर करा. जवळजवळ डोक्यावरच चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्यातली पश्चिमेकडची जोडी पूर्वा भाद्रपदा, पूर्वेकडची उत्तरा. चौकोनाच्या आत जवळपास काहीच दिसत नाही, हीच त्याची खूण.

ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून पुढे दोन ठळक तारे मोजा. दुसऱ्यापाशी उत्तरेला, शर्मिष्ठा या तारकासमूहाकडे वळा. दोन मंद तारे ओलांडले की बाजूलाच एक धुरकट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे 25 लाख वर्षं लागतात! पुराणात देवयानी आणि शर्मिष्ठा या दोघींचं बिनसलं. आकाशात मात्र शेजारणी.

फोटोतले रंग दिसणार नाहीत, हे आधीच सांगतो. साधी द्विनेत्री असेल तर उत्तम. दिवाळीची अमावास्या अंधारी खरी, पण फटाक्यांचा धूर आड येतो. त्यापेक्षा दिवाळीआधीच्या दोन-तीन रात्री बऱ्या. शहराबाहेर जा, डोळ्यांना वीसेक मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या आणि तोवर मोबाईल खिशातच राहू द्या.