सोनेरी ड्रिल, काळं कटर

भोसरी, शिरोली, सातपूर, वाळूज, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या टूल्सच्या दुकानात सोनेरी ड्रिल मिळतं. तो रंग शोभेचा नाही. तो टायटॅनियम नायट्राइडचा थर आहे. जाडी 2 ते 4 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाचा जेमतेम विसावा हिस्सा. पण कठीणपणात आतल्या हाय स्पीड स्टीलच्या अडीचपट.

कार्बाइडच्या इन्सर्टवर थर चढवणं 1969च्या सुमारास बाजारात आलं. त्या पद्धतीत भट्टीचं तापमान 1000 अंशांच्या आसपास असायचं. कार्बाइडला ते सोसतं. हाय स्पीड स्टीलचं पाणी मात्र साडेपाचशेच्या पुढे उतरू लागतं. त्यामुळे ड्रिलला दहाएक वर्षं वाट पाहावी लागली. निर्वात पेटीत 500 अंशांच्या आत थर बसवता आला, तेव्हा सोनेरी ड्रिल आलं.

टायटॅनियम नायट्राइडमध्ये अ‍ॅल्युमिनियम मिसळलं की थर काळपट जांभळा होतो. मला या थराचं फार कौतुक आहे. धार तापली की त्यातलं अ‍ॅल्युमिनियम हवेतला ऑक्सिजन घेतं आणि पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनाचा पातळ पापुद्रा धरतं. तो पापुद्रा उष्णता आत शिरू देत नाही; ती चिपबरोबर बाहेर पडते. म्हणजे या कटरला तापावंच लागतं! आपल्याकडे मात्र महागाचं काळं कटर आणून जुन्याच स्पीडवर चालवतात, वर कूलंटची धार सोडतात. कठीण स्टीलचं मिलिंग करताना कार्बाइडचा दात क्षणात तापतो, क्षणात गार होतो, आणि धारेला बारीक तडे जातात. तिथे कूलंट बंद करा, हवेचा झोत द्या, स्पीड वाढवा. पैसे वसूल होतात ते तिथेच.

हेच कटर अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबवर लावू नका. धातू दाताला चिकटतो, खाचा भरतात आणि कटर मोडतं. तिथे थर नसलेलं, आरशासारखं पॉलिश केलेलं कार्बाइडच बरं.

आता धार लावण्याबद्दल. ग्राइंडरवर टोक घासलं की तिथला सोनेरी रंग जातो, आणि ड्रिल वाया गेलं असं समजून पुष्कळजण ते भंगारात टाकतात. नीट पाहा: पिळाच्या खाचेत थर शाबूत असतो, आणि चिप घासत जाते ती तिथूनच. असं ड्रिल थर नसलेल्या ड्रिलपेक्षा जास्त भोकं पाडतं. गिअर कापायच्या हॉबचं उलटं आहे. त्याला धार लावतात ती नेमकी चिप घासणाऱ्या बाजूनेच. तिथला थर जातो, म्हणून हॉबला पुन्हा कोटिंग करून घेणं परवडतं.