ठावठिकाणा

दुर्मिळ वनस्पतींची नोंद कशी ठेवावी, या विषयावर आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून मास्तरकींत आयुष्य घालविलेला माणूस. परंतु या बाबतींत माझ्या हातून एक चूक घडली आहे, एवढाच माझा अधिकार.

शिंदळ माकुडी हें नांव आपणांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें नसेल. साऱ्या जगांत केवळ महाराष्ट्रांतच आपण होऊन उगवणारी ही लहानशी वनस्पति कड्यांच्या कपारींत राहते. खोडें निवडुंगासारखीं मांसल. पावसाळ्यांत त्यांवर पानें येतात आणि पाऊस सरला कीं गळून पडतात. फूल चांदणीच्या आकाराचें, गर्द तांबडें, वर पिवळ्या खुणा. डाल्झेल नांवाच्या जंगलखात्यांतील अधिकाऱ्यानें १८६० नंतरच्या दशकांत जुन्नरच्या बाजूस ती हुडकून काढली व मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचें नांव तिला दिलें. आमच्या गुराख्यांना ती त्याआधींही दिसतच असेल म्हणा!

सुमारें तीस वर्षांपूर्वीं, श्रावणांत, मुलांची सहल घेऊन मी एका गडावर गेलों होतों. एका चुणचुणीत मुलीनें हांक मारली, “गुरुजी, हें पाहा.” कपारींत तें फूल होतें. मीं तिच्याकडून सारें वहींत लिहवून घेतलें: तारीख, कड्याची दिशा, पायऱ्यांपासून किती पावलें. परत आल्यावर तो कागद, नकाशासह, मोठ्या कौतुकानें शाळेच्या फलकावर लाविला. पुढील वर्षीं जाऊन पाहतों तों कपार उकरलेली. कागदानेंच वाट दाखविली, असें मला निश्चयानें म्हणतां येणार नाहीं. परंतु “गुरुजी, आपण लिहिलेंच नसतें तर?” या तिच्या प्रश्नाला त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं.

मग नोंदच करूं नये काय? पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे एके काळचे प्रिन्सिपॉल थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला. तो उघडून पाहावा. वर्णनाखालीं स्थळ, आणि तेथें ती वनस्पति गोळा करणाराचें नांव: कोठें वुड्रो, कोठें कानिटकर. एखादी वनस्पति टेकडीवरून नाहींशी झाली हें कळावयास ती तेथें होती असा लेख पाहिजे. तो नसेल तर खाण खोदणारा खुशाल म्हणेल, येथें कांहींच नव्हतें. आणि त्याला खोटें कसें पाडणार?

२००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें आतां गांवोगांवच्या लोकजैवविविधता नोंदवह्या तयार होतात. शिवाय आयनॅचरलिस्टसारख्या जागतिक संग्रहांत कोणीही छायाचित्र घालूं शकतो. तेथें धोक्यांतील वनस्पतींचें स्थान सुमारें वीस किलोमीटरांच्या चौकटींत पुसट करून दाखवितात. नेमकी जागा नोंदणाराला व त्याच्या विश्वासांतल्यांनाच दिसते. मात्र चित्राखालीं आपणच उत्साहानें गडाचें नांव आणि वाट लिहिली, तर चौकटीनें काय करावें?

म्हणून नेमकें स्थळ वहींत अवश्य असावें; चारचौघांत नसावें. झाडें किती, फूल होतें कीं फळ, शेजारीं कोणतें गवत, फुलावर कोणत्या माश्या बसल्या होत्या, हें मात्र मोकळेपणानें लिहावें. ही माकुडी एकटी जगत नाहीं. तो कडा, ती चिमूटभर माती आणि त्या माश्या मिळून तिचें घर होतें, आणि आम्ही बहुधा फुलापुरतेंच लिहितों.

ती मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे. गेल्या पावसाळ्यांत तिनें मला आपली वही आणि एका माकुडीचें छायाचित्र दाखविलें. वहींत सारें टिपलेलें होतें, फक्त एक पान तिनें दुमडून ठेविलें होतें. मीं गडाचें नांव विचारलें. ती हंसून म्हणाली, “गुरुजी, तेवढें मी सांगणार नाहीं.”